इंजिनाला फोडणी

जीपखालून हसू यायचं. कामठ्याच्या आमच्या घराला पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण, आणि अंगणाच्या डाव्या हाताला जुना गोठा होता. त्या गोठ्यात बैलांच्या जागी डिझेलची एक जुनी जीप उभी असे. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची. खिडकी नेमकी गोठ्याकडे उघडणारी, आणि तिच्यातून मला फक्त पावलं दिसायची. भेगा पडलेली, जोडवी घातलेली मोठी पावलं माझ्या धाकट्या जावेची, इंदूची. तिच्या शेजारची लहान पावलं तुमच्या आईची, चित्राची. पावलं सोडून दोघीही जीपच्या पोटाखाली. काय बोलताहेत ते नीट ऐकू येत नसे, पण हसू स्पष्ट यायचं, आणि तसलं हसू चित्रा माझ्याजवळ कधी हसलेली नव्हती. जीपचं तेल बदलायचा दिवस असला की माझी पोळी हमखास करपायची.

तुम्ही दोघांनी मागे विचारलं होतं, आजी, तू मोठी कशी झालीस? नागपूरची शाळा, सिस्टरांच्या छड्या, बाबांची सायकल, सगळं आधीच्या प्रकरणांत आलं. हे प्रकरण त्या वयाचं नाही. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि तुमची आई दहावीत होती. तरी मोठं होण्याच्या हकिगतीत ते मी मुद्दाम घालते आहे. त्या एका पावसाळ्यात आम्ही मायलेकी दोघीही वाढलो, आणि माझं वाढणं जास्त दुखलं.

घरात माणसं मोजकी. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, गुडघ्यांनी थकलेले पण जिभेने ताजे. तुमचे आजोबा गोंदियाला बँकेत होते, मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. आम्ही दोघं सकाळच्या बसने जायचो आणि संध्याकाळच्या बसने यायचो. माझे दीर भिलाईला कारखान्यात नोकरीला, तिथे चार जणांत खोली घेऊन राहायचे आणि सणावाराला घरी यायचे. त्यामुळे इंदू कामठ्यालाच. दिवसभर घर, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मामंजी तिच्याकडे, आणि शाळेतून आलेली चित्राही तिच्याकडे. इंदूला मूल नव्हतं. याबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि इंदू स्वतः तर नाहीच नाही.

इंदू चिचगडची. तिचे वडील मोहफुलं आणि हिरडा जीपमध्ये भरून देवरीच्या बाजारात न्यायचे. पोर लहानपणापासून शेजारी बसायची आणि बसता बसता चालवायलाही शिकली. लग्न होऊन आली तेव्हा कामठ्यात कोणी बाई सायकलसुद्धा धड चालवत नव्हती. मामंजींनी बैलजोडी विकली आणि इंदूच्या वडिलांच्या ओळखीतून ही जीप घेतली, तेव्हा ती अंगणात आणून उभी केली इंदूनेच, डोक्यावरचा पदर न ढळू देता. लोक बघायला जमले. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "काय पाहून राहिले बे? बैल हाकणारी बाई पाहिली नाही का कधी?"

मी ती जीप कधी चालवली नाही. मी शिस्तीची बाई. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची, इंग्रजीत, शाईने लिहिलेली. इंदू त्या चिठ्ठ्यांना "बाईची पाटीपूजा" म्हणायची. जिरं कुठे आहे ते तिला वासावरून कळायचं. चित्राला मी रोज संध्याकाळी जवळ घेऊन बसायची. आधी इंग्रजी वाचन, मग व्याकरण, मग शुद्धलेखन. घरात मराठी बोलायची तीही नीट बोलायची, हा माझा नियम होता. आणि चित्रा बोलायचीही नीट. "मम्मी, मला थोडं दही देशील का?" "मम्मी, माझा गृहपाठ झाला आहे." इतकं नीट, की मला कधी कधी वर्गातल्या मुलीशी बोलल्यासारखं वाटायचं. तीच मुलगी दार ओलांडून गोठ्यात गेली की तिच्या तोंडात दुसरीच भाषा यायची. "काकी, काऊन एवढा उशीर लावून राहिली वं? मले भूक लागली ना!" हे ‘वं’ मला लागायचं. ज्या बाईला आपण काहीही बोलू शकतो, जिच्यावर ओरडू शकतो, रुसू शकतो, तिच्यासाठीच ते असतं. मला तिने कधी ‘वं’ म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी रागावलेच असते, हेही खरं.

आता तेल बदलण्याबद्दल. तुमच्याकडे गाडी दुकानात नेऊन सोडतात आणि कॉफी पिऊन होईपर्यंत परत मिळते, असं तुमची आई सांगते. आमच्याकडे त्यात अर्धा दिवस जायचा. आधी इंजिन जरा वेळ चालू ठेवून तेल गरम करायचं, कारण गार तेल जाड असतं आणि मळ सोडत नाही. मग चाकांना दगड लावायचे, खाली घमेलं सरकवायचं, आणि एकीने पाठीवर झोपून पान्याने खालचा बोल्ट सोडायचा. काळंभोर तेल धारेने येतं. पुढे धार बारीक होते आणि मग थेंब थेंब. खरा वेळ लागतो तो त्या थेंबांना. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथेच पडून राहायचं, बोल्ट लावायचा नाही, असा इंदूचा दंडक होता. त्या थेंबांच्या वेळात दोघी जीपखाली पडल्या पडल्या बोलायच्या आणि हसायच्या. मला मत्सर वाटायचा तो त्याच वेळाचा. ते काळं तेल मामंजी जपून ठेवायचे आणि कोठीच्या लाकडी खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. आमच्या घराला कायम तो वास असायचा, गोवऱ्यांचा, भाताचा आणि जळक्या तेलाचा.

वर्षातलं एक तेल मात्र ठरलेल्या दिवशी बदललं जायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून पळसाच्या पानांनी शेक देतात, आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल गेले तरी मामंजींना तो दिवस रिकामा घालवणं जमेना. "गोठ्यात जो उभा हाय तो आपला बैल," ते म्हणाले, आणि तेव्हापासून खांदशेकणीला जीपचं तेल बदलायची रीत पडली. तेल बदलून झालं की मामंजी काठी टेकत गोठ्यात यायचे, बॉनेटला पळसाचं पान लावायचे, आणि जिने तेल बदललं तिने आवतण द्यायचं. म्हणजे इंदूने. घरात मोठी सून मी होते, दुसऱ्या दिवशी पुरण मी शिजवायची आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या मी तळायची. पण जेवायला बोलवायचा मान धाकटीचा. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. वड्या मात्र जरा जास्त जोरात थापायची.

त्या वर्षी पोळ्याच्या थोडं आधी दिरांचा भिलाईहून फोन आला. त्यांना क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्या आणि मागे आंब्याचं झाड. इंदूला आता तिकडे नेणार. हे ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, इतका झाला की मी त्या दिवशी शिरा केला. मग ते पुढे बोलले. भिलाईला शाळा चांगल्या, शिकवण्या चांगल्या. दहावी झाली की चित्राला अकरावी-बारावीसाठी आमच्याकडे पाठवा. पोरगी हुशार आहे, इंजिनियर होईल. "पोळ्याले येतो तवा बोलू, वहिनी," ते म्हणाले. "तिलेच विचारू ना. तिचं काय म्हणणं हाय ते."

तिलेच विचारू. मला ठाऊक होतं ती काय म्हणेल. नागपूरला माझ्या भावाकडे तिला ठेवायचं, माझ्याच कॉलेजात घालायचं, हे मी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण त्या फोननंतर मला नागपूरचं काही सुचेना. इंदूला जीप मिळाली, माझ्या मुलीचं हसू मिळालं, आणि आता मुलगीच मिळणार. तुमच्या आईला विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर तिने नीट मराठीत उत्तर दिलं असतं, "तुला योग्य वाटेल तसं, मम्मी," आणि त्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता.

म्हणून खांदशेकणीच्या दिवशी सकाळी मी एक डाव केला. दीर दुपारच्या गाडीने गोंदियाला उतरणार होते. मी तुमच्या आजोबांना म्हटलं, त्यांना आणायला इंदूलाच घेऊन जा, बिचारी किती दिवसांनी भेटते आहे. शिवाय बाजारही होईल. इंदू म्हणाली, "अन् तेल कोन बदलन?"

"मी आणि चित्रा बदलू," मी म्हटलं.

इंदूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे. "बाई, तुमी?"

"पुस्तक आहे ना. गाडीबरोबर आलेलं. सगळं लिहिलेलं आहे त्यात."

"गाडीनं कुटं वाचलं ते पुस्तक?" इंदू म्हणाली. पण नवऱ्याला भेटायची ओढ तिलाही होती. जाताना चित्राला बजावून गेली, "बोल्टाचा वायसर नवा टाकजो. अन् शेवटचा थेंब पडू देजो." आणि दोघं बसने गेले.

मी जुनी साडी नेसले, केस फडक्यात बांधले. ओसरीत नवं तेल काढून ठेवलं, पांढऱ्या प्लास्टिकच्या डबकीत. इंदूने गोंदियाहून सुट्टं आणलेलं. त्याच आकाराची, त्याच पांढऱ्या प्लास्टिकची आणखी एक डबकी मामंजींनी सकाळी तेलघाणीवरून मागवून तिथेच ठेवली होती, उद्याच्या तळणाचं जवसाचं तेल. आमच्याकडे तेव्हा जवसाचंच तेल खायचे. तुम्हाला त्याचा वास सोसणार नाही, पण वड्या त्यातच खऱ्या. दोन्ही डबक्या मी आधीच शिस्तीत लावून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं ‘ई. ओ.’, म्हणजे इंजिन ऑईल. दुसरीवरही ‘ई. ओ.’, म्हणजे एडिबल ऑईल, खायचं तेल. हे लिहिताना मला काहीच खटकलं नव्हतं. एक चिठ्ठी गोठ्याच्या हिशेबाने लिहिलेली, दुसरी स्वयंपाकघराच्या.

खाली चित्रा झोपली. बोल्ट सोडणं, फिल्टर काढून नवा बसवणं, त्याच्या रबराला तेलाचं बोट फिरवणं, सगळं तिला येत होतं. मी वरून पुस्तकातलं वाचत होते आणि ती खालून "झालं, मम्मी" म्हणत होती, अगदी व्याकरण सोडवल्यासारखी. थेंब पडत होते तेव्हा मी बोलायचा प्रयत्न केला. शाळेचं विचारलं. तिने शाळेचं सांगितलं. मग मी पुस्तकाचं पान उलटलं. मला वाटलं, ही जागा इंदूची आहे आणि इथे मी पाहुणी आहे.

"बोल्ट लावते आहे," चित्रा म्हणाली. "तू तेल आणून ठेव. मी सांगितलं की ओत."

मी बॉनेटखाली नरसाळं बसवलं. इंदू त्याला चाडी म्हणायची. ओसरीतून डबकी उचलून आणली, ‘ई. ओ.’ वाचलं, आणि मला वाटतं चित्राने सांगायच्या आधीच ओतायला लागले, कारण मला दाखवायचं होतं की हे मला येतं. सोनेरी, सुंदर धार. नवं इंजिन तेल असंच दिसतं. डबकी जवळजवळ संपली असेल.

खालून आधी थुंकल्याचा आवाज आला. मग ओरडा.

"मम्मी! थांब! काऊन ओतून राहिली वं? हे तं जवसाचं हाय!"

बोल्ट तिने अजून पुरता आवळला नव्हता, तेलाचा ओघळ तिच्या गालावरून ओठांवर आला होता. मी डबकी धरून तशीच उभी. मला आधी कळेचना. मग वास आला. उद्याच्या वड्यांचा वास, इंजिनातून.

"चव पाहिली मी! चटणीसारखं लागून राहिलं! कायले डब्बा पाहिला नाही वं तू?"

"चिठ्ठी पाहिली," मी म्हटलं. "ई. ओ. लिहिलं आहे."

"अन् दुसऱ्यावर?"

मी ओसरीकडे पाहिलं. "ई. ओ."

खाली पाना खणकन पडला. मग ते हसू आलं. तेच, जे मी इतकी वर्षं खिडकीतून ऐकत होते. आधी दाबलेलं, मग फुटलेलं, मग पत्र्याला आदळून घुमणारं. मला काय झालं कोण जाणे, मी साडी खोचली आणि जीपखाली सरकले, पाठीवर. मामंजींनी ओसरीवरून विचारलं, "काय झालं वं?" आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही!"

ओतल्यावर इंजिन अजून चालू केलं नव्हतं, त्यामुळे बिघडलं काहीच नव्हतं. बोल्ट पुन्हा सोडायचा, घमेल्यात सगळं काढायचं, आणि थेंबांची वाट पाहायची, इतकंच. मी पहिल्यांदा ती जागा पाहिली. डोक्यावर चिखल वाळलेला दांडा, त्यात अडकलेलं धानाचं पातं. पलीकडे अंगणाचा एक पट्टा आणि त्यात फिरणाऱ्या कोंबडीचे फक्त पाय. इथून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. आत अंधार होता. तिथे उभं असलेलं माणूस इथून दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"काकीले सांगू नको," चित्रा म्हणाली. "ती मरेल हसून."

"नाही सांगणार."

"अन् उद्या वड्या कायच्यात तळशीन वं?"

"बघू."

थेंब पडत होते. जवसाचे थेंब काळ्या तेलात मिसळून भुरके झाले होते. ती बराच वेळ त्यांच्याकडेच पाहत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मी, मले जायचं हाय. भिलाईले."

मी घमेलं उगाच जरा सरकवलं.

"काका विचारतीन आज. मी तुले आधी सांगून राहिली. तू रडजो नको."

इतकी वर्षं मला हेवा होता की ही मुलगी खरं ते इंदूला सांगते आणि मला फक्त बरोबर ते सांगते. आता तिने खरं ते मला सांगितलं होतं, इंदूला सांगायची त्याच बोलीत, इंदूच्याच जागी पडून, आणि ते खरं काय होतं, तर मी तुझ्यापासून जाते. मला हसूही येईना आणि रडूही येईना. शेजारी तेलाने माखलेला तिचा गाल होता. पदराने पुसायला गेले तर आणखी पसरलं.

"शेवटचा थेंब पडला," ती बोल्ट आवळत म्हणाली. "आता दुसऱ्या डब्ब्यातलं ओत. अन् आधी वास घेजो."

संध्याकाळी बस आली. दीर, तुमचे आजोबा आणि इंदू अंगणात शिरले, आणि इंदू गोठ्यापाशीच थांबली. तिने नाक वर केलं. घमेल्यात डोकावली. आम्ही दोघी ओसरीवर अगदी सभ्य बसलो होतो.

"बाई," इंदू म्हणाली, "इंजिनाले फोडनी देल्ली काय?"

चित्रा पदराआड, म्हणजे माझ्याच पदराआड, तोंड लपवून हसायला लागली. तुमचे आजोबा काही न कळून पिशवी घेऊन उभे. मामंजी म्हणाले, "पोळा उद्या हाय, अन् आमच्या बैलानं आजच वड्या खाल्ल्या!" मग सगळंच बाहेर आलं, चिठ्ठ्या, चव, सगळं. इंदू हसत हसत खाली बसली. तिने मला नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने उठून जीप सुरू केली, कान लावून आवाज ऐकला, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाली, "बराबर हाय." एवढंच.

मामंजी पळसाचं पान घेऊन आले. "आज मोठ्या बाईनं तेल बदललं. मोठ्या बाईनं आवतन द्या."

मी बॉनेटवर हात ठेवला. ते अजून कोमट होतं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"पुस्तकी बोली बैलाले समजते का?" मामंजी म्हणाले.

"जेवाले," चित्राने हळूच सांगितलं.

"जेवाले या," मी म्हटलं.

जेवताना दिरांनी घसा साफ केला. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. ते चित्राकडे वळून विचारणार, इतक्यात मीच म्हणाले, "भाऊजी, चित्रा येईल तुमच्याकडे. दहावी झाली की."

हे मी मोठ्या मनाने केलं असं तुम्ही समजू नका. मला ती इंदूला मागून मिळायला नको होती. द्यायचीच, तर माझ्या हाताने द्यायची होती. चित्राने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भात कालवायला लागली. इंदू वाढत होती, तिचा डाव वरणात तसाच राहिला. नंतर भांडी घासताना माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, रडाचं असन तं आताच रडून घ्या. जूनमंदी तिले नेताना माह्यापुढं नोको. मले गाडी चालवाची राहीन."

मी म्हटलं, "मी नाही रडत."

"मी रडून राहिली," इंदू म्हणाली, आणि खरंच रडत होती, राखेच्या हातांनी. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वड्या तिने शेजाऱ्यांकडून आणलेल्या तेलात तळल्या, आणि पुरण मी शिजवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमची आई भिलाईहून शिकत शिकत कुठल्या कुठे, परदेशात गेली. डिझेलच्या इंजिनांवरच तिची नोकरी आहे आणि तुम्ही तिकडेच जन्मलात. इथे आता मामंजी नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, दीरही नाहीत. आम्ही दोघी जावा गोंदियाजवळ फुलचूरला एका घरात राहतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी मराठीत लिहिते, आणि इंदू त्या वाचत नाही.

तुमची आई आम्हा दोघींना वेगवेगळा फोन करते. माझ्या फोनवर ती नीट मराठीत बोलते. सगळं ठीक आहे, मुलं छान आहेत, तू औषध वेळेवर घेतेस ना? इंदूच्या फोनवर काय बोलते ते मला ऐकू येत नाही. इंदू मोबाईल कानाला घट्ट लावून पलंगावर आडवी पडते, तिकडून हसू येतं, आणि माझ्या पोळ्या आजही करपतात. या वयात मत्सर जातो असं मी वाचलं होतं. जात नाही.

परवा इंदूचा फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावलेला होता आणि वाजला. पडद्यावर तुमच्या आईचा फोटो. इंदू आतल्या खोलीत पलंगावर. मी तो उचलला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, इतकी वर्षं भिंतीआडून ऐकत आले होते तसंच म्हणाले, "काऊन वं, जेवली का?"

"जेवली ना वं काकी," तुमची आई म्हणाली. "पोट्टे झोपून राहिले आत्ता. काकी, मम्मीचं गुडघ्याचं काय हाय? मले तं सगळं बरं हाय म्हणते, शुद्ध मराठीत. मले खरं सांग ना तू. तिचा आवाज मले बरा नाही वाटला. कुटं हाय ती? झोपली नसन तं तिले दे ना फोन."

इंदू दारात येऊन उभी होती. तिने फोन पाहिला, माझं तोंड पाहिलं. "चोट्टी," ती हळूच म्हणाली, आणि परत आत जाऊन पडली.

"थांब," मी म्हटलं. "देते."

मी फोन एका हातातून दुसऱ्या हातात दिला. मग कानाला लावला आणि माझ्या आवाजात म्हणाले, "बोल, चित्रा."